रहस्यकथांच्या मालिकेतली पात्रं आणि वाचकांचा लळा

रहस्यकथांच्या मालिकेत दर पुस्तकात खून नवा, खुनी नवा, संशयित नवे, पण शोध लावणारा, त्याच्यासोबत राहणारा दोस्त, घरातला नोकर ही मंडळी तीच असतात, आणि चारपाच पुस्तकं झाली की वाचक रहस्यासाठी कमी आणि ह्या मंडळींची ख्यालीखुशाली कळावी म्हणून जास्त वाचायला लागतो. त्या जिव्हाळ्याबद्दल ही नोंद. खुनी कोण हे पाठ असलेली गोष्टसुद्धा लोक परत परत वाचतात, ते उगाच नाही.

शेरलॉक होम्सचं उदाहरण बहुतेकांना माहिती असतं, म्हणून थोडक्यात. कॉनन डॉयलला होम्सचा कंटाळा आला होता, आईने नको नको म्हटलं तरी डिसेंबर १८९३ च्या स्ट्रँड मासिकात त्याने होम्सला स्वित्झर्लंडमधल्या रायखेनबाख धबधब्यात संपवला, वाचक असले भडकले की वर्गण्या बंद झाल्या, आणि १९०३ मध्ये त्याला मुकाट्याने होम्सला परत आणावं लागलं. लंडनमध्ये लोक दंडाला काळ्या फिती बांधून फिरले असंही सांगतात, पण ती मागाहून जोडलेली दंतकथा वाटते. बेकर स्ट्रीटच्या पत्त्यावर होम्सच्या नावाने येणाऱ्या पत्रांचं मात्र खरं आहे, तिथे ऑफिस असलेल्या ॲबी नॅशनल संस्थेला उत्तरं द्यायला चक्क एक सेक्रेटरी ठेवावी लागली होती.

माझ्या मते ह्या लळ्याचा सगळ्यात मस्त नमुना म्हणजे शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा बंगाली ब्योमकेश बक्षी. १९३२ पासून त्याच्या गोष्टी यायला लागल्या. कोलकात्याच्या एका मेसमध्ये, म्हणजे भाड्याच्या खोल्यांच्या वसतीत, तो अतुलचंद्र मित्र असं खोटं नाव सांगून ह्या गोष्टी आपल्याला सांगणाऱ्या अजितच्या खोलीत राहायला येतो, केस सुटते, मग हॅरिसन रोडवर दोघांचा एकत्र संसार सुरू, दिमतीला नोकर पुंटीराम. पुढे एका खुनाच्या केसमध्ये जो तरुण अडकतो त्याची बहीण सत्यवती, तिच्यावर ह्याचं मन बसतं आणि लग्नही होतं! डिटेक्टिव्हला सहसा लेखक बोहल्यावर चढवत नाहीत, आणि लग्न झालेला ब्योमकेश वाचकांना आवडणार नाही अशी धास्ती शरदिंदुंनाही होती. १९३८ मध्ये ते बॉम्बे टॉकीज ह्या सिनेमा कंपनीसाठी लिहायला मुंबईत आले, ब्योमकेश तर त्याआधीच थांबलेला, तो साधारण १५ वर्षं थांबला. मग कोलकात्यात एका स्नेह्याच्या घरी गेलेले असताना तिथल्या मुलांनीच धरलं की आता ब्योमकेश का नाही लिहीत, आणि १९५१ मध्ये गोष्टी परत सुरू. म्हणजे संसारी झाला म्हणून कोणी त्याला टाकलं नव्हतंच, उलट पोरंसोरं वाट बघत बसलेली.

१९५२ पासून शरदिंदु पुण्यात राहायला आले, त्यामुळे नंतरच्या बऱ्याचशा गोष्टी, कोलकात्याच्या गल्ल्या, दंगली, फाळणीच्या आसपासची महागाई, हे सगळं इथे पुण्यात बसून लिहिलंय हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहिती असतं. ह्या गोष्टींत ब्योमकेश म्हातारा नाही पण मोठा होत जातो. त्याला मुलगा होतो, सत्यवती रुसते, अजित बिनलग्नाचा त्यांच्याच घरात राहतो आणि प्रकाशनाच्या धंद्यात इतका गुंततो की शेवटच्या काही गोष्टी तो सांगतच नाही, कोलकात्याच्या केयातला भागात त्यांचं स्वतःचं घर होतं. होम्सच्या बाबतीत नेमकं हेच कमी पडतं, त्याचं घर आहे पण घरपण त्याचा दोस्त वॉटसनचंच. १९७० मध्ये शरदिंदु वारले तेव्हा एक गोष्ट अर्धीच राहिलेली होती.

आपल्याकडच्या अनेकांना हा लळा पुस्तकातून नाही तर १९९३ च्या दूरदर्शन मालिकेतून लागला, बासू चटर्जींचं दिग्दर्शन, रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना अजित, आणि सत्यवती आपली सुकन्या कुलकर्णी. अजूनही बरेच जण पुस्तक वाचताना रजित कपूरचाच चेहरा धरून वाचतात, नंतरच्या कितीतरी नटांनी काम करूनही.

मराठीत ह्या जातीची मोठी वस्ती बाबूराव अर्नाळकरांची. हजाराच्या वर पुस्तकं, आणि झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांतली पात्रं. वाचनालयात लोक पुस्तकाचं नाव घेत नसत, नवा झुंजार आलाय का एवढंच विचारायचे. प्लॉट काही वेळा अगदीच पातळ असायचा हे कबूल, पण झुंजारच्या वाचकाला त्याची काही पडलेली नसायची, झुंजार आणि त्याची बायको विजया सुखरूप आहेत ना, मग झालं.