पेन्सिल अर्कचित्राची ऑर्डर देण्याआधी

सोसायट्या, गणेश मंडळं, दिवाळी अंकवाले, सगळे आम्हाला एकच विचारतात: चित्र किती दिवसांत मिळेल? कच्चं रेखाटन तिसऱ्या दिवशी दाखवतो. काम अडतं ते त्यानंतर, कारण ते बघून कुणीतरी म्हणतं, "तेवढं पार्किंगचंही घ्या ना."

अर्कचित्र म्हणजे एखादी गोष्ट वाढवून दाखवत चिमटा काढणारं चित्र. एका अर्कचित्रात एकच तक्रार मावते. मागच्या उन्हाळ्यात एका सोसायटीची मंडळी पाणी, लिफ्ट, पार्किंग, भटकी कुत्री आणि थकलेला मेंटेनन्स अशी यादी घेऊन आली. आग्रह होता, म्हणून पाचही तक्रारी घातल्या. अठरा माणसं, प्रत्येकाच्या छातीवर पाटी. नोटीस बोर्डासमोर कुणी थांबेना. मग नव्या कागदावर फक्त नळ काढला. नळाला चंदनाचा हार, खाली उदबत्ती, शेजारी रिकामी बादली घेऊन बसलेल्या आजी. अक्षर एकही नाही. त्यासमोर मात्र वॉचमनपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे थांबले.

एकच साधी गोष्ट लोकांपर्यंत पोचते, हे जुनंच आहे. १८३१ मध्ये पॅरिसच्या कोर्टात, राजाची चित्रातून टिंगल केल्याच्या खटल्यात, शार्ल फिलिपोन या संपादकाने फ्रान्सचा राजा लुई-फिलिपचा चेहरा चार रेखाटनांत हळूहळू नासपतीसारखा होत गेलेला दाखवला. शिक्षा झालीच, पण पोरं भिंतींवर नासपती काढू लागली. ती कुणालाही काढता येत होती ना!

बदल सांगायचे ते कच्च्या रेखाटनावरच सांगा. दोनदा आम्ही बदल मोफत करतो. ६बी या मऊ, गडद पेन्सिलीची छाया एकदा भरली की खोडताना कागदाचा पोत उठतो आणि तिथे डाग राहतो. चित्र पहिल्यापासून काढावं लागतं, म्हणून त्याचे पैसे वेगळे घेतो. काहींना हे कडक वाटतं, पण डागाळलेलं चित्र आमच्या हातून बाहेर जाऊ नये, एवढंच त्यामागे आहे.

माणूस काढायचा असेल तर समोरून आणि बाजूने असे दोन फोटो द्या, फिल्टर न लावलेले. कुणाची जात, वर्ण किंवा अपंगत्व यांवर आम्ही चित्र काढत नाही. माणसाच्या वागण्यावर हवं तेवढं बोट ठेवू.

मूळ चित्राची झेरॉक्स काढू नका, फिकट रेषा उडतात. स्कॅन आम्ही चित्रासोबतच देतो.

येताना तक्रार एका वाक्यात लिहून आणा. वाक्यात "आणि" आलं तर दोन चित्रं करून घ्या. जोडीला दरही कमी लावतो.