सुरीची धार (घरगुती)

स्वयंपाकघरातील सुरी म्हणजे मुठीत घट्ट बसवलेले, एका बाजूला धार असलेले पाते. मिटतो तो चाकू. बोलताना मात्र हा भेद फारसा कोणी पाळत नाही. मराठी घरांतले चिरण्याचे जुने साधन विळी. तिचे पाते जागचे हलत नाही, भाजी पात्यावर ओढली जाते; सुरीचे याच्या उलट. स्वयंपाक जमिनीवरून ओट्यावर आला तशी सुरी रुळली. तरी नारळ आणि मासे यांसाठी कोकणात विळी व गोव्यात आदोळी टिकून आहे.

बाजारातल्या स्वस्त सुऱ्या बहुधा स्टेनलेस पोलादाच्या असतात. निदान १०.५ टक्के क्रोमियम असल्यामुळे हे पोलाद सहसा गंजत नाही. लोहाराकडच्या साध्या पोलादी पात्याला धार छान लागते, पण कैरी किंवा चिंच कापून ते तसेच ठेवले तर काळे पडते. पाते तापवून एकदम थंड करण्याला ‘पाणी देणे’ म्हणतात. त्याने पोलाद कठीण होते. स्वस्त पाती कठीणपणाच्या रॉकवेल मापावर साधारण ५२ ते ५६ भरतात, महागडी जपानी पाती ६० च्या पुढे. स्वस्त पाते मऊ, म्हणून धार लवकर जाते, ही तक्रार खरी आहे. पण तेच पाते दगडावर पाच-दहा मिनिटांत पुन्हा लागते आणि आपटले तरी सहसा तुकडा उडत नाही. रोजच्या कांदा-बटाट्याला एवढे पुरते. भारी सुरी घेऊन ती बोथट वापरण्यापेक्षा साधी सुरी आणि एक दगड घेणे शहाणपणाचे.

विकत घेताना पाते डोळ्यांसमोर धरून सरळ आहे का ते पाहावे, मूठ ओल्या हातात फिरत नाही ना हेही. सोलण्या-चिरण्याला ८ ते १० सेंटिमीटरचे पाते, कोबी-कलिंगडाला १८-२० सेंटिमीटरचे; तिसरी सुरी बहुधा खणातच पडून राहते. करवतीसारखे दाते असलेली स्वस्त सुरी टाळावी. ती सुरुवातीला छान कापते, पण सपाट दगडावर तिला धार लावता येत नाही.

धारेचा दगड हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो बहुतेकदा कार्बोरंडम, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचा असतो. पूर्वी हे काम कुरुंद हे कठीण खनिज करी. इंग्रजीतला ‘कोरंडम’ हा शब्द तमिळमधल्या ‘कुरुंदम्’वरून गेलेला आहे. एक बाजू जाड व एक बारीक कणांची असलेला दगड घरासाठी पुरे. तो भिजवून ओल्या फडक्यावर ठेवला की सरकत नाही. पाते दगडाशी सुमारे २० अंशांचा कोन करील असे धरावे: दोन सेंटिमीटर रुंदीच्या पात्याची पाठ दगडापासून ७ मिलिमीटर वर, म्हणजे खाली पेन्सिल मावेल इतकी. मुठीकडून टोकाकडे फिरवत राहिले की काही वेळाने दुसऱ्या बाजूला धातूची बारीक किनार उलटते. डोळ्यांना ती क्वचितच दिसते. बोटाचे पेर पाठीकडून धारेकडे हलके नेले की खरखरते. ही खरखर टोकापर्यंत लागेपर्यंत बाजू पालटू नये. घाई बहुतेकांची इथेच होते. मग दुसरी बाजू, आणि शेवटी बारीक दगडावर हलक्या हाताने दोन्ही बाजू आळीपाळीने, म्हणजे किनार झडते. पिकलेल्या टोमॅटोच्या सालीवर पाते न दाबता रुतले तर काम झाले.

खाचेतून ओढायची छोटी यंत्रे चटकन काम करतात, पण धातू ओरबाडतात. सायकलवर चाक घेऊन फिरणारा धारवाला आला तर सुरी जरूर द्यावी. फक्त ठिणग्यांत धार निळी पडू देऊ नये. निळसर डाग म्हणजे पोलाद सुमारे ३०० अंशांपर्यंत तापले. तिथले पाणी उतरते आणि धार टिकत नाही.

धार सर्वांत लवकर जाते ती ओट्यावर. ग्रॅनाइटमधली गारगोटी पोलादाहून कठीण. स्टीलच्या ताटाशीही सुरीचे विळ्या-भोपळ्याचे नाते. खाली लाकडी फळी घ्यावी. फणस चिरण्याआधी पात्याला खोबरेल चोपडले की चीक धरत नाही. दगड हाताशी नसेल तर चिनी मातीचा कप उपडा करावा: त्याच्या बुडाच्या झिलई नसलेल्या खरखरीत कडेवर पाते दोन्ही बाजूंनी पाच-सहा वेळा फिरवले तर त्या वेळचा स्वयंपाक निभावतो.