गिरणी कामगारांच्या वतीने बोलायचं कोणी?

1982 च्या गिरणी संपाचा विषय निघाला की सगळं बोलणं कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांभोवती फिरतं. पण मालकांसमोर कामगारांच्या वतीने बसायचं कोणी, हे भांडण मुंबईत त्याआधी शंभर वर्षं चालू होतं.

ताडदेवला पहिली कापडगिरणी 1856 मध्ये सुरू झाली. नोकरभरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या हातात. त्याला दस्तुरी (लाच) दिल्याशिवाय बदलीचं, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागचं कामसुद्धा मिळणं कठीण, आणि गाऱ्हाणं सांगायचं तेही त्यालाच. 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनिशी निवेदन दिलं. त्यातल्या मागण्या आजही वाचवत नाहीत: रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार निदान पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत. रविवारची सुटी मिळायला 1890 उजाडलं.

1928 मध्ये विणकरांनी दोनऐवजी तीन साचे (माग) चालवावेत, असं मालकांनी धरलं. संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला आणि त्यातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. पण या एकजुटीतही सगळे नव्हते. मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे. विटाळाच्या नावाखाली साचेखात्याचं, म्हणजे विणकाम खात्याचं दार दलितांना बंद होतं, आणि चांगला पगार तिथेच होता. डॉ. आंबेडकरांनी हा सवाल युनियनपुढे ठेवला, तो अगदी रास्त होता.

1938 चा औद्योगिक तंटा कायदा संपाचा हक्क आवळणारा होता. त्याविरुद्ध 7 नोव्हेंबरच्या एक दिवसाच्या संपात आंबेडकर आणि कम्युनिस्ट एकत्र आले. खरी गाठ मात्र 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने बसली. एका भागातल्या एका उद्योगात प्रातिनिधिक युनियन एकच. वाटाघाटी तिनेच करायच्या, करारही तिचाच. ती कोणती हे सभासदांच्या नोंदीवरून ठरणार, कामगारांच्या गुप्त मतदानाने नाही. मुंबईच्या गिरण्यांत हा मान काँग्रेसच्या बाजूच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला आणि तिथेच राहिला. कामगारांचा विश्वास उडाला तरी सही त्याचीच.

म्हणून 1981 मध्ये बोनसवरून भडका उडाला, तेव्हा कामगार सामंतांच्या दारात गेले. 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढीबरोबर 1946 चा हा कायदा रद्द करा, ही मागणीही होती. मालक म्हणत राहिले, आम्ही बोलू ते मान्यताप्राप्त युनियनशीच. कायद्याने ते बरोबर होते, आणि माझ्या मते संप कोंडला गेला तो याच जागी. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, कायदा राहिला.