ही इज कमिंग टू मी (थाई मालिका)

ही इज कमिंग टू मी ही 2019 ची थाई मालिका, एक जिवंत मुलगा आणि थडग्यापाशी एकटंच बसलेलं एक तरुण भूत यांच्या प्रेमाची. जेमतेम 8 भाग आहेत. जीएमएमटीव्ही या थाई कंपनीची निर्मिती, लाइन टीव्ही या ऑनलाइन सेवेवर मार्च-एप्रिलमध्ये आली, दिग्दर्शक नोप्पर्नाच चायविमोन, फॅन लोक त्याला ऑफ म्हणतात. मेस नावाचं भूत झालाय सिंग्टो प्राचाया आणि थुन झालाय ओम पावात.

मूळ थाई नाव जास्त छान आहे, त्याचा अर्थ साधारण "तो माझ्या शेजारच्या थडग्यापाशी चेंगमेंगला आलाय" असा होतो, आणि बोलणारं आहे ते भूत! चेंगमेंग हा चिनी वंशाच्या कुटुंबांचा पितरांचा सण, एप्रिलच्या सुरुवातीला येतो, म्हणजे मालिका चालू असतानाच तो येऊन गेला. घरचे सगळे मिळून थडगी झाडतात, जेवण मांडतात, कागदी पैसे जाळतात. थायलंडमधले बहुतेक बौद्ध दहनच करतात त्यामुळे असं थडगं दिसलं की हे चिनी वंशाचं घर हे तिथल्या प्रेक्षकाला सांगावं लागत नाही. तर मेसकडे वर्षानुवर्षं कोणीच फिरकत नाही, आजूबाजूला सगळ्यांची पानं वाढलेली आणि हा नुसता बघत बसलेला. मग बाबांच्या थडग्यावर आलेला छोटा थुन, ज्याला भुतं दिसतात, मेसशी बोलतो, त्याला खायला देतो, आणि पुढे दरवर्षी येत राहतो. माझ्या मते प्रेम इथेच सुरू होतं, कोणीतरी आपल्यासाठी जेवण आणलं इथून.

थुन मोठा होत जातो पण मेसचं वय मेला तिथेच थांबलेलं, म्हणून कॉलेजपर्यंत दोघं बरोबरीचे दिसायला लागतात. थुन शिकायला बँकॉकला जातो, मेस त्याच्यासोबत, आणि मेस नक्की मेला कसा याचा शोध सुरू होतो. शेवट सांगत नाही.

थायलंडमध्ये माणूस-भूत प्रेम म्हटलं की आधी आठवते मे नाक. बँकॉकच्या फ्रा खनोंग कालव्याकाठची 19 व्या शतकातली दंतकथा, नवरा माक लढाईवर गेलेला असताना ती बाळंतपणात जाते, तो परत येतो तर बायको-बाळ घरातच, आणि मग एक दिवस खाली पडलेलं लिंबू उचलायला तिचा हात लांबच लांब होतो तेव्हा त्याला कळतं. या कथेवरचे 1999 आणि 2013 चे सिनेमे तिथे तुफान चालले. वाट महाबुत देवळात तिचं ठाणं आहे, लोक कपडे, खेळणी वाहतात, तिला बघायला टीव्हीसुद्धा लावून ठेवतात.

माक घाबरून पळतो, थुन नाही पळत, कारण त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे समोर कोण आहे ते. म्हणून इथे भीती वेगळीच आहे. बौद्ध समजुतीप्रमाणे आसक्ती सुटली, पुण्य पोचलं की मेलेला पुढच्या जन्माला जातो, म्हणजे थुनने मेसचं भलं केलं तर मेसच त्याच्यापासून जाणार.

आणि थुन आईला सांगतो ना की मला मुलगा आवडतो, तो सीन नक्की बघा. समोर आई आहे आणि ज्याच्याबद्दल हे सगळं चाललंय तो तिला दिसूच शकत नाही.