पिंजऱ्यातला पांढरा उंदीर आला कुठनं? थोडी पार्श्वभूमी

कोल्हापुरात कुत्रं पाळा, कबुतरं पाळा, शर्यतीचा बैल पाळा, कुणी काय म्हणत नाही. संस्थानच्या काळात तर इथं शिकारीसाठी चित्ते पाळलेत, साठमारीत हत्ती खेळवलेत. पण उंदीर पाळलाय म्हटलं की आज्जी पदर नाकाला लावते आणि दोस्तमंडळी म्हणतात, खुळा झालायस काय रं? तरीपण हल्ली बरीच पोरं पांढरे उंदीर घरी आणतात आणि मग सगळ्यांचे प्रश्न तेच, की वास का मारतोय, दोघं भांडतात का, एवढी पिल्लं कशी झाली, दीड वर्षात मेला कसा. केअर टिप्स ढीगभर मिळतात हो, पण हे असं का होतं ते कळायला जरा मागं जावं लागतं, कारण आपण ज्या पद्धतीनं उंदीर ठेवतो ती पद्धत उंदराचा विचार करून बनलेलीच नाही, आधी प्रदर्शनवाल्यांनी आणि मग लॅबवाल्यांनी ती आपापल्या सोयीनं बसवली आणि शेवटी ती दुकानात आली.

आधी आज्जीच्या पदराचं बघू, कारण ती भीती काय उगाच नाही. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, पुढच्या दोन-तीन वर्षांत आपल्या संस्थानातही पोचला, शाहू महाराज तेव्हा नुकतेच गादीवर आलेले, आणि घरात उंदीर मरून पडला की बिऱ्हाड उचलून रानात झोपड्या बांधायच्या हे त्या काळात सगळ्या दख्खनभर चाललं. उंदरावरच्या पिसवांमुळं प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. मात्र त्यातला मुख्य आरोपी म्हणजे माळ्यावर पळणारा मोठा काळा उंदीर, आपल्या पिंजऱ्यातला वीस-तीस ग्रॅमचा छोटा उंदीर ही वेगळी जात आहे. १९९४ ला सुरतेत प्लेग झाला तेव्हा ती सगळी भीती परत वर आली, त्यामुळं आज्जीशी वाद घालत बसू नका, जेवायच्या खोलीत पिंजरा ठेवू नका आणि हात लावल्यावर साबणानं धुवा, एवढ्यावर बहुतेक घरात तडजोड होते.

आता या छोट्या उंदराचं मूळ. भारतीय उपखंड ते इराण या पट्ट्यात हा प्राणी तयार झाला असं जनुकांच्या अभ्यासातनं दिसतं, म्हणजे तसा आपल्याच बाजूचा. माणूस धान्य साठवायला लागला तसा हा घरात शिरला, आज पश्चिम आशियात ज्याला लेव्हंट म्हणतात तिथं तर शेती सुरू व्हायच्या आधी, साधारण १५ हजार वर्षांपूर्वीपासून तो माणसाच्या वस्तीत राहतोय. आपण त्याला गणपतीच्या पायाशी बसवला, विसर्जनाला 'उंदीर मामा की जय' म्हटलं, पण पाळला कधी नाही. हौसेनं रंगीत उंदीर पाळायचा नाद लागला तो जपानला. अठराव्या शतकात तिथं ठिपक्याचे, पांढरे, फिकट असे उंदीर तयार करायचे आणि कुठल्या रंगाची कुणाशी जोडी लावायची याची पुस्तिकासुद्धा १७८७ मध्ये छापलेली, म्हणजे मेंडेलच्या वाटाण्यांच्या पाऊणशे वर्षं आधी.

तिकडचे उंदीर जहाजांनी युरोपात गेले आणि इंग्लंडात त्याची रीतसर चळवळच झाली. वॉल्टर मॅक्सी नावाच्या माणसानं पुढाकार घेतला आणि १८९५ मध्ये नॅशनल माऊस क्लब निघाला. रंग, कानाचा आकार, शेपटी, सगळ्याला मार्क, आपल्याकडं जनावरांच्या प्रदर्शनात बैलाची शिंगं-वशिंड बघतात तसंच. मॅक्सीच्या नावाचा एक छोटा लाकडी पिंजरा असतो, बाहेरनं हिरवा, आतनं लाल, आणि पंचाला सगळे उंदीर सारखे दिसावेत म्हणून सगळ्यांना तोच. छोटा पिंजरा ही कल्पना इथनं आली असावी बघा. प्रदर्शनाच्या एका दिवसापुरता ठीक आहे, आपण त्यात जन्म काढायला लावतो.

पण खरी गोष्ट अमेरिकेतली आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅन्बी गावात ॲबी लॅथ्रॉप नावाची बाई होती, शाळामास्तरीण, तब्येतीमुळं नोकरी सोडलेली. तिनं आधी कोंबड्या पाळून बघितल्या, तो धंदा बसला, मग १९०० च्या आसपास गोल गोल फिरणाऱ्या जपानी उंदरांची एक जोडी घेऊन शौकिनांना उंदीर विकायला सुरुवात केली. बघता बघता तिच्याकडं अकरा हजारांवर उंदीर झाले, लाकडी खोक्यात गवत घालून ठेवलेले, खायला ओट्स आणि बिस्किटं, साफसफाईला गावातली पोरं रोजंदारीवर. हार्वर्डमधले आनुवंशिकतेवाले शास्त्रज्ञ तिचे गिऱ्हाईक झाले आणि तिनं कुठल्या उंदराची कुठली पिल्लं याच्या वह्या इतक्या नीट ठेवल्या होत्या की पुढं कॅन्सरच्या गाठींवरचं संशोधन तिनं स्वतः लिओ लोब या शास्त्रज्ञाबरोबर छापलं. १९०९ ला हार्वर्डच्याच क्लॅरेन्स लिटलनं सख्ख्या भावंडांची पिढ्यान्‌पिढ्या जोडी लावून पहिली इनब्रेड जात सुरू केली, आणि लॅथ्रॉपबाईच्या ५७ नंबरच्या मादीपासून १९२१ मध्ये जो काळा उंदीर निघाला त्याच्याच वंशाचा जीनोम, म्हणजे जनुकांचा पूर्ण आराखडा, २००२ ला जगानं वाचला. बाई मात्र १९१८ मध्येच गेली. तिचं नाव आपल्या बायोलॉजीच्या सरांनी कधी घेतलेलं मला तरी आठवत नाही.

आपल्याला दुकानात दिसतो तो पांढरा, लाल डोळ्यांचा. लॅबमध्ये स्विस अल्बिनो म्हणतात ती जात स्वित्झर्लंडच्या लोझानहून १९२६ मध्ये क्लारा लिंच या संशोधक बाईंनी न्यूयॉर्कला नेली, दोन नर आणि सात माद्या. पुढं ती जगभर पसरली, आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांच्या ॲनिमल हाऊसपर्यंत. आता तिथले नियम कडक आहेत, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९९८ ला प्रयोगांचे नियम आले आणि २०१८ ला पेट शॉपचेसुद्धा, नोंदणीशिवाय दुकान चालवता येत नाही. नियम कागदावर आहेत, पिंजरे बघितले की बाकीचं कळतं. तर दुकानातला पांढरा उंदीर याच गोतावळ्यातला असायची शक्यता फार. शांत, हाताला न चावणारा, आणि एका वेताला दहा-बारा पिल्लं देणारा, कारण लॅबला असाच लागतो.

आता जे वारसाहक्कानं आलंय ते बघा. लाकडाचा भुसा लॅबनं स्वस्त आणि लघवी शोषतो म्हणून घेतला. मग १९६७ मध्ये कळलं की देवदार, पाइनसारख्या वासाच्या लाकडाच्या भुशावर ठेवलेल्या उंदरांना झोपेचं औषध दिलं तर ते नेहमीपेक्षा लवकर उठतात, म्हणजे त्या वासानं त्यांचं लिव्हर जादा काम करायला लागलेलं. टिंबर मार्केटातनं फुकट पोतं आणताना कुठल्या लाकडाचं हे विचारा, आणि प्लायवूडचा नको, त्यात गोंद असतो. त्यापेक्षा कोरा कागद फाडून घाला. आणि जुलै-ऑगस्टात आपल्याकडं काहीच वाळत नाही, भुसा ओला राहिला की लघवीचा अमोनिया होतो आणि उंदराची छाती भरते, त्यामुळं काचेच्या फिश टँकपेक्षा जाळीचा पिंजरा बरा.

थंडीचं पण तसंच. लॅबचं तापमान वीस ते चोवीस, ते आत काम करणाऱ्या माणसांसाठी, उंदराला आरामात वाटतं तीसच्या आसपास. म्हणून डिसेंबरात टिश्यू पेपर भरपूर द्या, तो रात्रीत घरटं करतो, कागद दातानं उभा चिरून लांब पट्ट्या काढतो ते बघत बसावं असं असतं. चाकाबद्दल लोक म्हणतात की कैदेत वेडं होऊन पळतो, पण नेदरलँड्समध्ये रानात चाक ठेवून केलेला एक प्रयोग २०१४ ला छापून आला, त्यात मोकळे उंदीरसुद्धा येऊन चाकावर पळत होते, गोगलगायीसुद्धा चढल्या. तर चाक द्या, फक्त पट्टी सलग असलेलं, तारेचं नको, त्यात शेपूट अडकते.

राहिली जोडी. कबुतरं, लव्हबर्ड विकणारेच उंदीर विकतात त्यामुळं गिऱ्हाईक सवयीनं 'एक जोडी द्या' म्हणतं आणि तो नर-मादी देतो. मादी सहा आठवड्यात वयात येते, एकोणीस ते एकवीस दिवसात विते, आणि व्यायल्यावर चोवीस तासात परत गाभण राहू शकते, मग तुम्ही हिशोब करा. दोन नर घेतले तर मोठे झाल्यावर एकमेकाला फाडतात, आणि लघवीचा उग्र वास पण नराचाच. तेव्हा दोन किंवा तीन माद्या मागायच्या. दुकानदार म्हणेल सगळ्या माद्याच आहेत, तरी शेपूट हळूच मुळाशी धरून मागनं बघा, लघवीच्या आणि शीच्या छिद्रांमधलं अंतर नरात साधारण दुप्पट असतं आणि मादीच्या पोटावर आचळाचे ठिपके दिसतात.