‘खोकला नाही, मग लागण कसली?’

गणपतीला चाकरमानी गावी आले की हे हमखास ऐकू येतं : ताप-खोकला नसेल तर आपल्यापासून कुणाला काही लागत नाही, रुग्णालयात बिनधास्त भेटायला जा.

असं वाटणं साहजिक आहे. शिंक दिसते, विषाणू दिसत नाही. पण फ्लूचा विषाणू लक्षणांच्या साधारण १ दिवस आधीच नाका-घशातून बाहेर पडू लागतो. कोविडचंही तसंच. काहींना तर लक्षणं येतच नाहीत. खोकत नसल्यानं ते सहसा कमी पसरवतात, हे खरं. पण नुसतं बोलतानाही बारीक थेंब उडतात. पेजेचा डबा घेऊन वॉर्डात तासभर खाटेशी गप्पा रंगल्या, तर शेजारच्या खाटेवरच्या दमेकरी आजीला तेवढं पुरू शकतं.

पडताळायचंय? घरात पुढचा फ्लू आला की तारखा मांडा : लक्षणं कधी दिसली, आधीच्या १ ते ४ दिवसांत कोण भेटलं, आणि तो माणूस त्या दिवशी कसा होता. बहुधा ‘ठणठणीत’ असंही उत्तर सापडेल. हा पक्का पुरावा नव्हे. अंगात विषाणू आहे का, हे आरटी-पीसीआर चाचणी सांगते. लक्षणं नसलेल्यांतही ती विषाणू पकडते.

कोविडकाळात वॉर्डात मास्क सगळ्यांनाच लावायला सांगायचे, तो यासाठी.