मोल्डावाइट

मोल्डावाइट ही लघुग्रहाच्या आघातातून निर्माण झालेली हिरवी नैसर्गिक काच असून ती मुख्यतः चेक प्रजासत्ताकातील दक्षिण बोहेमिया व मोराव्हिया या भागांत सापडते. व्ल्तावा नदीच्या ‘मोल्डाऊ’ या जर्मन नावावरून तिला हे नाव पडले. चेक भाषेत तिला ‘व्ल्ताविन’ म्हणतात. विक्रेते तिची ओळख ‘आकाशातून पडलेले रत्न’ अशी करून देतात, ती अर्धीच खरी आहे. आघात करणारा पाषाण अवकाशातून आला, मात्र काच झाली ती पृथ्वीवरच्याच वाळूची.

सुमारे १.४८ कोटी वर्षांपूर्वी आजच्या दक्षिण जर्मनीत हा आघात झाला आणि सुमारे २४ किमी. व्यासाचे रीस विवर तयार झाले. नोर्डलिंगेन हे जुने तटबंदीचे गाव त्याच विवरात वसलेले आहे. जमिनीच्या अगदी वरच्या थरातील सिलिकायुक्त वाळू क्षणार्धात वितळून पूर्वेकडे उधळली गेली आणि हवेतच थिजून दोनशे ते साडेचारशे किमी. अंतरावर तिचे थेंब पडले. प्रागचे प्राध्यापक योसेफ मायर यांनी १७८६ मध्ये या खड्यांची माहिती प्रथम मांडली तेव्हा त्यांनी ते क्रिसोलाइट (एक हिरवट रत्नखनिज) मानले होते. पुढे १९०० मध्ये फ्रान्झ एडुआर्ड झ्यूस यांनी अशा काचांना ‘वितळलेला’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून टेक्टाइट हे नाव दिले. टेक्टाइट चंद्रावरून आले असावेत, असे मानणारेही बरेच होते. अपोलो मोहिमांनी आणलेल्या खडकांचे रासायनिक घटक जुळेनात, तेव्हा ते मत मागे पडले. रीस विवरही दीर्घकाळ ज्वालामुखीचे मानले जाई. यूजीन शूमेकर व एडवर्ड चाओ यांना १९६० च्या सुमारास तेथे कोएसाइट हे प्रचंड दाबाखाली तयार होणारे सिलिकेचे रूप सापडल्यावर तो वाद मिटला.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे लोणार आठवणे साहजिक आहे. तेथेही आघाताने खडक वितळून काच झाली, पण लोणारचा आघात बेसाल्टवर झाला. बेसाल्टमध्ये सिलिका कमी आणि लोह पुष्कळ असल्यामुळे तेथील काच गडद, काळपट आहे. दागिन्यात बसवावा असा पारदर्शक हिरवा खडा तिच्यातून मिळत नाही.

मोल्डावाइटमध्ये सिलिका सुमारे ८० टक्के व ॲल्युमिना सुमारे १० टक्के असते. हिरवा रंग लोहामुळे येतो. पाण्याचा अंश अत्यल्प असतो. कठिनता सुमारे ५.५, विशिष्ट गुरुत्व सुमारे २.३५ आणि अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याचे माप) सुमारे १.४९ आहे. अस्फटिकी असल्यामुळे तिला पाटन (ठरावीक सपाट पातळीवर फुटणे) नाही व भंजन शंखाभ, म्हणजे फुटलेला पृष्ठभाग शिंपल्यासारखा वक्र, असते. खड्याच्या पृष्ठभागावरील खाचा व सुरकुत्या पाहून त्या हवेतील प्रवासात उमटल्या असाव्यात असे वाटते. प्रत्यक्षात त्या मुख्यतः मातीत लक्षावधी वर्षे पडून असताना झालेल्या रासायनिक झिजेच्या खुणा आहेत. बेसेद्निसे येथील काटेरी दिसणाऱ्या नमुन्यांना संग्राहक ‘हेजहॉग’ (साळूसारखा काटेरी, पण लहान प्राणी) या अर्थाच्या नावाने ओळखतात, आणि पैलू पाडण्यापेक्षा असे खडे तसेच ठेवणे त्यांना अधिक पसंत असते.

ऑस्ट्रियातील विलेनडॉर्फ येथील पुराश्मयुगीन वस्तीच्या जागी मोल्डावाइटचे तुकडे मिळाले आहेत. त्यामुळे ते ताईत म्हणून वापरले जात, असे सर्रास सांगितले जाते. तुकडे सापडले यावरून श्रद्धा सिद्ध होत नाही, इतके म्हणणे पुरे. ग्रेल कथेशी, म्हणजे येशूच्या अखेरच्या भोजनातील पवित्र पात्राच्या मध्ययुगीन युरोपीय आख्यायिकेशी, जोडलेला संबंधही असाच ओढून आणलेला आहे. तेराव्या शतकाच्या आरंभी वोल्फ्राम फोन एशेनबाख या जर्मन कवीने ग्रेल हा एक पाषाण असल्याचे म्हटले, नंतरच्या आख्यायिकांनी ल्युसिफर या स्वर्गातून पतन पावलेल्या देवदूताच्या मुकुटातून पडलेल्या रत्नाची कथा त्याला जोडली आणि आधुनिक लेखकांनी ते रत्न म्हणजेच मोल्डावाइट ठरवले. आज तिच्याबद्दल केले जाणारे दावे, म्हणजे आयुष्यात झपाट्याने उलथापालथ होणे, हृदयचक्र जागृत होणे, हातात धरताच अंगात उष्णता पसरणे, हे बहुतांशी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पाश्चात्त्य ‘न्यू एज’ या आध्यात्मिक चळवळीतून आले आहेत. भारतीय रत्नशास्त्रातील नवरत्नांत तिला स्थान नाही, आणि ती एखाद्या ग्रहाचा खडा म्हणून विकली जात असेल तर त्यामागे परंपरेचा आधार नाही. या दाव्यांना प्रायोगिक पुरावाही मिळालेला नाही. अंगात उष्णता जाणवल्याचे सांगणारे लोक खोटे बोलतात असे मात्र नव्हे. अपेक्षेने शरीराला बरेच काही जाणवते.

२०२० नंतर समाजमाध्यमांवर या समजुती झपाट्याने पसरल्या आणि किमतींबरोबर नकली खडेही वाढले. साच्यात ओतलेल्या हिरव्या काचेचा पृष्ठभाग बहुधा ओला व तकतकीत दिसतो. अस्सल खड्यात भिंगाखाली लांबट बुडबुडे आणि लेशातेलिएराइट या जवळजवळ शुद्ध सिलिका काचेचे वळवळते धागे दिसतात. बाटलीच्या काचेच्या भट्टीत तितके तापमान नसते, म्हणून नकली खड्यात हे धागे सहसा आढळत नाहीत.